पुदिन्याच्या वाफ्यातली चिंधी

रमजान लागला की चाचीच्या घरी इफ्तारीचं शरबत आमच्या घरून जाते. चाची आमच्या गल्लीच्या त्या टोकाले राह्यते. मी लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं मले लेकीसारखं पाहिलं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मालिश तिनंच केली. आम्ही धाड गावाजवळचे भाजीपाला पिकवणारे लोक, पुदिना घरचाच. भिजवलेली बडीशेप अन् खडीसाखर पाट्यावर वाटायची, पुदिना ठेचून माठाच्या पाण्यात गाळायचा, लिंबू पिळायचं, वरून फुगलेला सब्जा सोडायचा. दिवसभराच्या उपाशी पोटाले थंडावा भेटते.

त्या दिवशी चाचीच्या नातीचा पहिला रोजा होता. आठ वर्षांची पोरगी, मार्चचं ऊन, तरी तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मले तिचं भारी कौतुक वाटलं. शरबत जास्तच केलं अन् दुधाच्या किटलीत भरून सायंकाळी नेऊन देलं.

घरी येऊन हात पुसते न पुसते तं आमचे हे वावरातून आले. ओट्यावर लाल चिंधी पडली होती. ते पाहून यायनं विचारलं, हे कुठची? मी म्हटलं, पुदिन्याच्या वाफ्यातली. जुडी बांधायले काही नव्हतं, म्हणून काडीची सोडून घेतली.

वाफ्यात काडीले चिंधी म्हणजे फवारा मारला, तोडू नका. आमच्याकडच्या लेकरालेही हे समजते. पण यायची सवय अशी, की चिंधी बांधतील, काढणार कधी नाही. महिना महिना लटकून राह्यते. मले वाटलं, मागच्या फवाऱ्याची असंल.

"सकाळी वांग्यावर दवाई मारली," हे म्हणाले. "वाऱ्यानं सारी पुदिन्यावर उडाली. म्हणूनच तं नवी बांधली."

पुदिना धुतला होता मी, पण त्या दवाईचा काय भरवसा? यायचा चेहराच सांगत होता. फोन लावत बसायचंही सुचलं नाही. चप्पल न घालता तशीच पळत सुटली.

पोरीले काही झालं तं? एवढं एकच डोक्यात होतं, असं म्हटलं तं खोटं होईल. दुसरंही होतं. आजकालचे दिवस कसे आहेत, माहीत आहे. हिंदूच्या घरचं शरबत पिऊन रोजेदार पोरगी गेली, लोक एवढंच ऐकतील. चिंधीचं कोण विचारते? अशा वक्ती आपल्यापुरतं सुचते म्हणून माझी मलेच लाज वाटली, पण भीती काही हटली नाही.

अर्ध्या वाटेत अजान सुरू झाली.

मी दारातून सरळ आत घुसली. सारे दस्तरखानावर बसले होते. पोरीनं खजूर खाल्ला होता अन् ग्लास ओठाले लावला होता. मी हात मारून तो उडवला. शरबत तिच्या नव्या कपड्यांवर सांडलं, अन् तिनं भोकाड पसरलं. चाचीचा लेक ताडकन उभा राह्यला. मले धाप लागली होती.

"पुदिन्यावर दवाई होती," मी कसंबसं म्हटलं. "माझी चूक झाली. कोणी प्यालं काय?"

कोणीच प्यालं नव्हतं. पोरीच्या ओठाले लागलं तेवढंच. चाचीनं तिले पुन्हा पुन्हा चूळ भरायले लावली, मग साधं पाणी पाजलं. मी भिंतीले टेकून खालीच बसली. चाचीचा लेक माझ्याकडे पाहून राह्यला होता. ते पाहणं मले अजून आठवते. चाचीनं सारं शरबत मोरीत ओतलं, किटली राखेनं घासली अन् माझ्या हातात देली.

"उद्या माझ्या कुंडीतला पुदिना घेऊन जा बेटा," ते म्हणाली. "पण शरबत तूच कर."

दुसऱ्या दिवशी मी केलं. पुदिना पाच पाण्यानं धुतला. तरी आधी एक ग्लास स्वतः प्याली अन् तासभर घड्याळाकडे पाहत बसली, पोटात काही होते काय म्हणून. मग नेलं. ते पोरगी आता सारे रोजे ठेवते, अन् मी अजूनही रोज पहिला ग्लास पिऊन तासभर थांबते. चाचीले हे माहीत नाही.