बाईंसाठी ठेवलेला जुना कॉम्प्युटर

माझ्या दुकानाच्या पाटीवर 'श्रवणयंत्र केंद्र' असं लिहिलेलं आहे, पण लोक मला कानवाला म्हणतात आणि मी गेली सव्वीस वर्षं त्या नावाला ओ देतो आहे. काम तसं साधं. कान तपासायचे, कोणता आवाज किती कमी ऐकू येतो त्याचा आलेख काढायचा आणि कानामागचं यंत्र वायरने कॉम्प्युटरला जोडून त्या आलेखाप्रमाणे जुळवून द्यायचं. पूर्वी हे बारीक स्क्रू फिरवून व्हायचं. आता कॉम्प्युटर करतो आणि मी शेजारी बसून जाणत्या माणसासारखा चेहरा करतो.

या सव्वीस वर्षांत मी शेकडो म्हाताऱ्याकोताऱ्यांना जुनं यंत्र टाकून नवं घ्यायला लावलं. त्यासाठी माझं एक ठरलेलं प्रवचन आहे. "पहिले पंधरा दिवस त्रास होईल. भांड्यांचा आवाज डोक्यात जाईल, स्वतःचाच आवाज परका वाटेल. पण काढून ठेवायचं नाही. प्रश्न कानाचा नाही, सवयीचा आहे. सोळाव्या दिवशी जुन्याची आठवणसुद्धा येणार नाही." हे मी इतक्या ठामपणे सांगतो की समोरचा माणूस निम्मा तिथेच बरा होतो. मी ते जाड कागदावर छापूनही घेतलं आहे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो.

असा हा मी, आणि माझा कॉम्प्युटर अकरा वर्षांचा. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम त्याहूनही जुनी. ती बनवणाऱ्यांनी तिला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर चौकट यायची, की या सिस्टीमला आता कोणी वाली नाही, कृपया नवी घ्या. सोबत 'टुंग' असा आवाज. मी काय केलं, तर आवाज बंद करून टाकला. यंत्र बंद करून पिशवीत ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांवर मी डाफरतो, आणि इथे मी स्वतः एका यंत्राचं तोंड बांधलं होतं. मग ती चौकट मुकाट्याने उघडायची आणि मी मुकाट्याने मिटायचो. आमचं अगदी गुण्यागोविंदाने चाललं होतं.

माझा मेहुणा कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. महिन्यातून एकदा तरी तो बहिणीला भेटायच्या निमित्ताने दुकानात डोकावायचा, माझ्या पडद्याकडे बघायचा आणि डॉक्टरने एक्स-रे बघताना काढावा तसा आवाज काढायचा.

"भाऊजी, दोन तासांचं काम आहे. नवी सिस्टीम टाकून देतो. नवी यंत्रं या जुन्या सिस्टीमवर जोडली जातच नाहीत, मग तुम्ही विकता तरी काय?"

"बघू," मी म्हणायचो. 'बघू' या शब्दावर मी अडीच वर्षं काढली. नवं यंत्र मागणाऱ्याला पुढच्या महिन्यात या म्हणायचो. पुढच्या महिन्यात तो यायचा नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. आपलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं म्हणून हायसं वाटणारा दुकानदार माझ्याशिवाय दुसरा नसावा.

बायको माझ्याच दुकानात मागच्या टेबलावर बसते. कानात बसणारे साचे घासून गुळगुळीत करण्याचं नाजूक काम तिचं. ती फारसं बोलत नाही. एकदा मात्र तिने माझं ते छापील प्रवचन माझ्याच कीबोर्डवर आणून ठेवलं. मी ते उचललं, गठ्ठ्यात परत सरकवलं आणि म्हणालो, "एक कागद इथे पडला होता."

तरी मी काही आडमुठा नाही, हे स्वतःला पटवण्यासाठी एका दुपारी मी पद्धतशीर विचार करायला बसलो. आलेखाच्या कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. फायद्यांत लिहिलं, नवी यंत्रं जोडता येतील. मग लिहिलं, मेहुणा गप्प बसेल. याहून फायदे आठवेनात. तोट्यांच्या बाजूला मात्र हात भराभर चालला. पडद्यावरच्या चित्रांच्या जागा बदलतील. प्रिंटर रुसेल. पत्त्यांचा खेळ जाईल, आणि त्यात मी एक डाव जिंकायच्या बेतात होतो. बंद करायचं बटण कुठे असेल कोण जाणे. हे सगळं वाचून माझं मलाच हसू आलं, म्हणून मी त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाई', आणि त्याभोवती चौकोन काढला. आता तो कागद कसा भारदस्त दिसू लागला.

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई. चौथीला आम्हाला शिकवायच्या. आता एक्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि माझ्याच गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या कानामागचं यंत्र इतकं जुनं की फक्त माझ्या त्या जुन्या सिस्टीमवरच जुळवता येतं. नवी सिस्टीम टाकली, तर बाईंचं यंत्र माझ्या कॉम्प्युटरला ओळखही दाखवणार नाही. म्हणून मी मेहुण्याला सांगून टाकलं होतं, "माझं काही नाही रे. पण बाईंचं काय?" हे म्हणताना मी आवाज किंचित हळवा करायचो. स्वतःच्या भित्रेपणाला कृतज्ञतेचा सदरा घातला की तो फार देखणा दिसतो.

बाईंची नात परगावी राहते. रोज संध्याकाळी ती फोनवरून आजीला धडा वाचून दाखवायची. बाईंना यंत्र हवं होतं ते त्या पंधरा मिनिटांसाठी. बाकी जगाचं जेवढं ऐकायचं तेवढं ऐकून झालंय, असं त्या म्हणत. दर तीन महिन्यांनी त्या तपासायला यायच्या आणि दर वेळी आलेखाची रेघ थोडी खाली उतरलेली असायची. मी यंत्राचा आवाज एक पायरी वाढवून द्यायचो. नव्या यंत्रांचा विषय मी काढत नव्हतो असं नाही. काढायचो, पण कसा, तर पाहुण्याला 'जेवून जाताय का' असं उंबऱ्यावर उभं राहून विचारावं तसा.

"बाई, नवं बघायचं का? म्हणजे, तशी घाई नाही."

"नको रे. आहे तेच बरं आहे," बाई म्हणायच्या.

मग दोघंही समाधानाने हसायचो.

गेल्या खेपेला त्या आल्या तेव्हा मी नेहमीसारखी वायर जोडली आणि आवाज एक पायरी वाढवायला गेलो. यंत्राने अशी शिट्टी मारली की बाई दचकल्या. मी पायरी खाली घेतली, पुन्हा वर नेली, पुन्हा शिट्टी. पायऱ्या संपल्या होत्या. मी पडद्याकडे तोंड करून काहीतरी पुटपुटलो, की वातावरणात दमटपणा आहे, साचा सैल झाला असेल, बघू.

मागे घासण्याचा आवाज थांबला. बायको उठली, माझ्या खुर्चीला वळसा घालून बाईंच्या समोर येऊन बसली आणि ओठ नीट दिसतील अशा बेताने सावकाश म्हणाली, "बाई, याच्यापुढे हे यंत्र जात नाही. नवं लागेल. त्यासाठी या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम लागते. हे म्हणतात, तुमच्यासाठी जुनी ठेवली आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चौथीत गृहपाठ घरी विसरलाय असं सांगितल्यावर पाहायच्या, तसं.

"माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "अरे, मी तर तुझ्यासाठी जुनं वापरतेय."

मला काही कळेना. बाई बायकोकडे वळल्या.

"हा चौथीत होता ना, तेव्हा सगळ्या वर्गाने पेन्सिल सोडून पेन घेतलं. याने नाही घेतलं. वर्षभर पेन्सिल. पेन दिलं की रडायचा. मुख्याध्यापकांना मीच सांगितलं, राहू दे, हळूहळू येईल. आता इथे आल्यावर दर वेळी बघायची, कॉम्प्युटर तोच. नव्या यंत्राबद्दल विचारतो, तेही असं घाबरत. मला वाटलं, याला जमत नाहीये. मी नवं मागितलं तर याला माझ्यासमोर तोंडावर पडावं लागेल. माझा मुलगा तर दोन वर्षांपासून म्हणतोय, दुसरीकडे जाऊ. मी गेले नाही."

"पण बाई, तुम्हाला ऐकू येत होतं ना?" मी विचारलं. "फोनवर?"

"आवाज यायचा. शब्द नाही." बाईंनी यंत्र कानावरून काढून हातात घेतलं. "ती वाचायची, मी 'छान' म्हणायची. मध्येच काही विचारलं तरी 'छान'च म्हणायची. दोन वर्षं झाली असतील."

मी खुर्चीतच बसून होतो. मला लाज वाटली, आणि ती गमतीने सांगता येईल अशी नव्हती. सव्वीस वर्षं लोकांचे कान तपासतो आहे. बाईंच्या आलेखाची रेघ दर तीन महिन्यांनी माझ्याच हाताने खाली काढत होतो. त्या रेघेखाली काय बुडतंय हे मला नाही कळणार तर कोणाला कळणार? मला सगळं कळत होतं. फक्त बंद करायचं बटण कुठे असेल, याची मला भीती वाटत होती.

मेहुणा दुसऱ्याच दिवशी आला. दोन तास म्हणाला होता, साडेतीन लागले, आणि त्या वेळात मी त्याला नऊ वेळा 'झालं का' विचारलं. पत्त्यांचा खेळ गेला. प्रिंटर खरोखरच रुसला. पडद्यावरची चित्रं अशी पसरली होती, की ओळखीच्या घरात अनोळखी बिऱ्हाड आलंय असं वाटावं. पुढचा आठवडाभर मी सोप्या सोप्या गोष्टी शोधत बसायचो आणि बायको मागून न विचारता सांगायची, "उजवीकडे खाली." ती कधी शिकली, हे मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

नवं यंत्र आलं तसं बाईंना बोलावलं. वायरच नव्हती, ते हवेतूनच जोडलं जात होतं. पहिल्यांदा माझ्याकडून पडद्यावर चुकीचा कान निवडला गेला, दुसऱ्यांदा मी सगळी जुळवणी पुसून टाकली. बाई हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या. "सावकाश," त्या म्हणाल्या, आणि त्या एका शब्दाने मी पुन्हा नऊ वर्षांचा झालो. तिसऱ्यांदा जमलं.

बाईंनी मान वर केली. मागे बायकोने साचा टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, तिकडे बाईंनी पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "फोन लावून दे."

मी नातीला फोन लावला. कसं जुळलंय ते मलाही कळावं म्हणून मी फोन त्यांच्यासमोर धरला आणि स्पीकर चालू ठेवला.

"आजी? आत्ता कसा काय फोन केलास?"

बाईंनी डोळे मिटले. "तुझा आवाज किती बदलला गं," त्या म्हणाल्या. "थोडं वाचून दाखव ना. तुमचा आताचा धडा."



"आजी, मी आता मोठ्याने वाचत नाही. मोठ्या वर्गात मनातल्या मनात वाचतात. मी तुला सांगितलं होतं की गेल्या वर्षी. तू 'छान' म्हणालीस."

त्यातला शब्द न् शब्द बाईंना ऐकू आला.