वरच्या धारेचं रोप

माझे मेहुणे, म्हणजे हिचे थोरले भाऊ, डोंगरातल्या विद्यापीठात शिपाई होते. पण त्यांचं खरं काम वाळलेल्या झाडांचं. रोप मुळासकट आणायचं, जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवायचं, जाड कागदावर शिवायचं आणि कुठे, किती उंचीवर सापडलं, कुणी उपटलं त्याची चिठ्ठी डकवायची. अशी सात कपाटं त्यांनी भरली. मी चौथीपर्यंत शिकलेला, मी त्यांना ‘रद्दीवाले’ म्हणायचो. तेही हसून म्हणायचे, माझ्या रद्दीवर लोक डॉक्टर होतात, भाऊजी.

एकदा डोंगराच्या वरच्या धारेवरची, पार माथ्याजवळची रोपं आणायला निघाले आणि वाटेत आमच्याकडे टेकले. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. आमच्या न्हाणीमागे, ओहोळाकाठी, एक निळ्या फुलांचं रोप माजलं होतं. मीच उपटून त्यांच्या हातात दिलं. वर म्हटलं, “रोपाच्या कपाळावर पत्ता लिहिलेला असतो का?” ते दोनदा नको म्हणाले. मग चहा झाला, आणि चिठ्ठीवर ‘वरची धार’ असं पडलं.

नऊ वर्षांनी एक मुलगी संशोधनाला आली. मेंढपाळाची, घरातली पहिलीच शिकलेली. ओहोळाकाठचं हे रोप एवढ्या उंचीवर जगतं कसं, हाच तिचा विषय. आधार ती एक चिठ्ठी. दोन हंगाम ती धारेवर रोप शोधत वणवण फिरली. मेहुणे तिला कपाट उघडून देत आणि ओठांवर आलेलं गिळत. शेवटी मला म्हणाले, “पोर परत वर निघालीय. चला माझ्याबरोबर. एकट्याची जीभ उचलत नाही.”

गेलो. त्यांनी सगळं सांगितलं. मी मान खाली घालून उभा. तिने ती चिठ्ठी पुन्हा वाचली.

“काका, अशा आणखी किती चिठ्ठ्या?”

“एकच गं. शपथ.”

“ते मी कशावरून खरं मानू?”

मेहुण्यांनी सातही कपाटांकडे पाहिलं.

मी म्हटलं, फाडा ती चिठ्ठी. तर तिथे जुनी चिठ्ठी काढत नाहीत. चूक तशीच ठेवून शेजारी दुरुस्ती डकवतात. रोप कुणी उपटलं, त्या जागी मेहुणे स्वतःचं नाव लिहायला लागले. मी पेन काढून घेतलं आणि माझं लिहिलं. विद्यापीठात नाव लागलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

मुलीने विषय बदलला. डॉक्टर व्हायला तीन वर्षं जास्त लागली तिला.