उतरता आलं नाही तर

खरं सांगते, मी तिच्यावर जळते. तिच्या गणवेशावर नाही, पगारावरही नाही.

उलव्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर रोज दुपारी मी पावणे एमआयडीसीतल्या माझ्या कंपनीच्या बसची वाट बघते आणि ती विमानतळाच्या गाडीची. पायलट आहे. नाव मी कधी विचारलं नाही. केसांचा घट्ट अंबाडा, बॅग दोन पायांत धरलेली आणि हातातल्या टॅबवर हवामानाचे नकाशे. बोटांनी ढग मोठे करते, ओठ मुडपते, पुन्हा लहान करते.

एकदा न राहवून विचारलं, "एवढं काय बघता? पाऊस आहे का?"

"जिथं जायचंय तिथं संध्याकाळी वादळ दाखवतायत," ती म्हणाली. "तिथं उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठं जायचं, तिथली हवा बघतेय. तेवढं इंधन जास्तीचं घ्यावं लागतं."

"आणि खरंच दुसरीकडे गेलात, तर साहेब ओरडत नाहीत?"

"का ओरडतील? निघायच्या आधीच ठरलेलं असतं ना, ताई."

ती हसली, गाडीत बसली आणि गेली. मला तिच्या त्या 'ताई'चासुद्धा राग आला.

माझ्या लग्नाआधी पत्रिका तीन गुरुजींना दाखवली होती. तिघांनीही योग उत्तम सांगितला. लग्नानंतर सहा महिन्यांनी मी एक पिशवी घेऊन माहेरच्या दारात उभी राहिले, तेव्हा आईनं आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "परतीची गाडी कितीची आहे?"