चिलखताचा फासा

त्याचं खरं नाव बहिणीशिवाय कुणी घेत नसे. बाकी सगळ्यांना तो भिंगरी. लहानपणापासून एका जागी बूड टेकवून बसणं त्याला जमलंच नाही, आणि अशा माणसाने पोटापाण्यासाठी धंदा निवडला तो कवळ्या बनवण्याचा. मेणात एकेक दात बसवायचा, साचा ओतायचा, थांबायचं, घासायचं, पुन्हा थांबायचं. हात स्थिर असत, कारण त्यांना पर्याय नव्हता. पाय मात्र टेबलाखाली शिलाई मशीन चालवल्यासारखे हलत राहत.

उरलेल्या मालातून तो बोटाएवढे सैनिक ओतायचा. कवळीच्या हिरड्यांचा तो गुलाबी माल. रंगाचा टवका उडाला की शिपायाच्या खांद्यातून हिरडी डोकावे. दाजी तेवढंच हेरत. "तुझी फौज लढायला आलीय की दात काढायला?"

दाजी म्हणजे ताईचा नवरा. माल उतरवायच्या आवारात क्रेन चालवणारा, धिप्पाड आणि थंड डोक्याचा माणूस. वर केबिनमध्ये एकटे बसून ते लोखंडाचे गठ्ठे असे खाली ठेवत, की जणू झोपलेलं पोर गादीवर ठेवतायत. असले शिपाईगडी ओतून युद्धं खेळायचा नाद भिंगरीला त्यांनीच लावला, आणि वर्षानुवर्षं धूळही त्यांनीच चारली. दर शनिवारी दुपारी सायकलवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत दोन जुनी दारं जोडून रणांगण मांडलं जाई, आणि संध्याकाळी भिंगरी हात हलवत घरी जाई.

खेळ लांबून पोरकट दिसतो, पण वाराचा हिशेब कडक असतो. जितके गडी भिडतील तितके फासे हल्ला करणाऱ्याने टाकायचे. चार किंवा वर पडलं तर वार लागला. लागला म्हणजे जखम झाली असं नाही. लागलेले फासे उचलून पुन्हा टाकायचे, आणि समोरचा गडी जितका काटक तितका मोठा आकडा पाडायचा. जखम झाली, तरी खेळ संपत नाही. आता ज्याच्यावर हल्ला झाला त्याची पाळी. दर जखमेमागे तो एक फासा टाकतो. तो चिलखताचा फासा. हवा तो आकडा पडला तर जखम पुसली जाते. त्यातूनही जे उरतं ते नुकसान. साध्या शिपायाला एक पुरतं, सेनापतीला सहा लागतात. आणि शिपायावर दोन आली तर दुसरं वाया, कारण मेलेल्याला परत मारता येत नाही.

खोलीचा एक रिवाज होता, आणि तो दाजींनीच पाडलेला. चिलखताचा फासा ज्याचा त्याने उचलायचा. विसरला तर गेला. समोरच्याने आठवण करून द्यायची नाही, कारण आठवण करून देणं म्हणजे मोठ्या माणसाला कच्चं लिंबू ठरवणं. एकदा भिंगरी विसरला तेव्हा दाजींनी त्याची अख्खी डावी फळी उचलून खोक्यात ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "पुढच्या वेळी जागा राहा."

उन्हाळ्यात भिंगरी जिंकायला लागला. एक शनिवार, मग दुसरा, मग तिसराही. त्याला आकाश ठेंगणं झालं. ताईला फोन करून सांगितलं, सायकलवाल्याला तर दोनदा सांगितलं. जिंकण्याचं कारण त्याला दिसलं होतं, पण ते त्याने पाहिलं नाही. दाजी चिलखताचे फासे उचलत नव्हते. जखमा झाल्या की ते आपले गडी निमूट काढून खोक्यात ठेवत. भिंगरीला वाटलं, म्हातारपण आलं, लक्ष उडालं, बरं झालं. इतक्या वर्षांच्या हारी त्याच्या पोटात होत्या आणि त्या त्याला बोलू देत नव्हत्या.

मग एका शनिवारी दाजींनी आपलीच पाळी संपवून विचारलं, "आता माझी ना?" थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. फळीवरचे गडी नव्हे, क्रेन भिंगरीच्या डोळ्यांसमोर आली. वर हा माणूस, दोरखंडाला लटकलेलं लोखंड, आणि खाली हमाल.

त्या आठवड्यात त्याचं कशात लक्ष लागेना. एका बाईंच्या कवळीत त्याने सुळा उलटा बसवला. खिडकीपाशी जायचा, परत यायचा. सांगितलं तर दाजींची क्रेन जाईल, आणि क्रेन गेली तर त्या माणसाचं उरतं काय? नाही सांगितलं तर खाली कोणाच्या तरी डोक्यावर लोखंड येईल. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी त्याने या खेळाच्या वेड्यालाच सुचेल अशी युक्ती काढली. त्याने हरायचं ठरवलं. पाच पडले की तो 'दोन' म्हणून फासा झटकन उचले. दाजी जिंकले तर ते ठणठणीतच आहेत, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. दाजी खरंच जिंकलेही. भिंगरी मात्र घरी जाऊन येरझाऱ्या घालत राहिला.

पुढच्या शनिवारी त्याने दाजींच्या सेनापतीवर हल्ला केला. या वेळी त्याचं नशीब आडवं आलं: फासे खोलीभर दिसतील असे उघड्यावर पडले आणि जखमा झाल्या सहा. दाजींनी सेनापतीला पोलादी चिलखत घातलेलं. फासे टाकले असते तर त्यातल्या बऱ्याच जखमा पुसल्या गेल्या असत्या. दाजींनी हात पुढे केला, सेनापतीला उचललं आणि खोक्याकडे नेलं.

"दाजी," भिंगरी म्हणाला. "चिलखत."

सायकलवाल्याच्या हातातला पाना थांबला. दाजींचा चेहरा आधी तांबडा झाला. मग त्यांनी हातातल्या सेनापतीकडे पाहिलं, फाशांकडे पाहिलं, आणि हळूच खाली बसले.

"किती दिवस चाललंय?"

"उन्हाळ्यापासून."

"दर शनिवारी?"

"बऱ्याचदा."

दाजींनी सेनापतीला खोक्यात ठेवलं. मग म्हणाले, "इथे तू आहेस. वर केबिनमध्ये मला कोण सांगणार?"

दाजींनी खिशातून फोन काढला, मुकादमाला लावला, आणि सोमवारपासून मी वर चढणार नाही, दुसरा गडी बघ, कारण येऊन सांगतो, एवढंच बोलून ठेवला. आवाज अजिबात हलला नाही.

दोघे चालत ताईकडे गेले. तिने दार उघडलं, दोघांची तोंडं बघितली आणि बाजूला झाली. दाजींनी सगळं स्वतःच सांगितलं, आत येऊन, पायातले बूट न काढता. मध्ये एकदा अडले, तेव्हा भिंगरीने शब्द पुरवला. ताई पदराशी चाळा करत ऐकत होती. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून तिने भावाकडे पाहिलं.

"तुला हे उन्हाळ्यापासून दिसत होतं?"

"हो."

"आणि तू मला जिंकल्याचे फोन करत होतास?"

दाजी म्हणाले, "जाऊ दे गं. मी तरी त्याला कधी सोडलं होतं?" ताईने त्यांचे बूट काढायला खाली वाकून नाड्या सोडल्या. भिंगरी दारातच उभा राहिला. बस असं त्याला कुणी म्हटलं नाही.