म्हणालो होतो

तास संपला की बर्वेसर कुणाची तरी वही ओढून घ्यायचे, आपलं बोलणं नीट उतरवलंय का ते ओळ न् ओळ वाचायचे आणि खाली लाल पेन्सिलीनं लिहायचे, 'म्हणालो होतो.' पुढे सही. चूक सापडली तर म्हणायचे, "हे माझ्या तोंडी घालू नकोस, बाबा. माझ्या चुका मला पुरेशा आहेत." पुण्याच्या कॉलेजात ते आम्हाला अर्थशास्त्र शिकवत. वर्गात मात्र राजकारणाचा शब्द काढत नसत. "ज्याला हजेरीसाठी बसावंच लागतं, त्याच्यापुढं आपली मतं मांडू नयेत."

मी चाकणचा. पिंपरीकडे सरकार कारखान्यांसाठी जमिनी घेत होतं, आणि आमच्या गावानं धास्ती घेतली होती. म्हणून मी सरांना गावच्या सभेत बोलायला बोलावलं. नेमका आदल्या दिवशी फतवा निघाला: सरकारी अनुदान घेणाऱ्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी राजकीय भाषणं करायची नाहीत. माझे वडील घाबरले. "सर, तुमच्या नोकरीवर येईल. नगा बोलू."

"अनुदान शिकवण्यासाठी आहे, पाटील. तोंड शिवून घ्यायचं काही ठरलं नव्हतं," सर म्हणाले, आणि बाजारतळावर अर्धा तास बोलले. "कारखाने हवेतच. पण न विचारता जमीन घेणारं आपलं सरकार उद्या न विचारता काहीही घेईल."

मी गाढव. सवयीनं सगळं वहीत उतरवलं आणि कॉलेजात मिरवलं. प्राचार्यांनी वही मागून घेतली तेव्हा मला वाटलं, शाबासकी मिळणार.

आठवड्यानं चौकशीला बोलावणं आलं. टेबलावर माझीच वही, समोर सर. शिक्षण खात्याचा साहेब तसा भला होता. म्हणाला, "प्राध्यापक बोलला की लोकांना ते कॉलेजचंच मत वाटतं, म्हणून हा नियम. पण गावातलं कुणी साक्ष देत नाही. या मुलानं भलतंच लिहिलंय एवढं म्हणा, प्रकरण मिटलं."

"हो साहेब, मीच पदरचं घातलंय," मी घाईघाईनं म्हणालो. सरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

त्यांनी वही ओढली. ओळ न् ओळ वाचली. एका जागी, 'सरकार'च्या आधी, माझा सुटलेला 'आपलं' हा शब्द भरला. मग, मला अजून खरं वाटत नाही, खाली लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'म्हणालो होतो.' आणि सही केली.

बाहेर आल्यावर मला रडू कोसळलं. "रडतोस कशाला?" सर म्हणाले. "एक शब्द सोडला तर बिनचूक उतरवलंस."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या तासाला दुसरेच कोणी आले. मी वही उघडलीच नाही.