आईचा विमा आणि जिन्यातली कुंडी

लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात ज्याचं निम्मं आयुष्य गेलं, तो माणूस स्वतः बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. याला कुणी दैव म्हणेल, तो भाडं म्हणायचा. परक्या देशात येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. कामावर सगळे त्याला 'कानवाला' म्हणत, कारण चालू लिफ्टमध्ये नुसतं उभं राहून तो सांगायचा, दोर झिजलाय की चाक कोरडं पडलंय. पण गेले दोन महिने कानवाल्याच्या कानात एकच गोष्ट भणभणत होती, ती म्हणजे आईचा विमा.

वडील गेल्यावर त्याने आईला आपल्याकडे आणलं. मागे कुणी उरलंच नव्हतं. तिच्या मुक्कामाच्या परवान्याची मुदत महिनाअखेरीस संपत होती, आणि मुदत वाढवायची तर आधी आरोग्य विमा दाखवा, असा नियम. विमा नाही तर परवाना नाही आणि परवाना नाही तर आईने परत जायचं. कुठे, तर कुलूप लावलेल्या रिकाम्या घरात.

तसा कंपनीचा विमा होता की! तो, बायको, दोन्ही मुलं, सगळ्यांना. आईचं विचारायला तो गेला, तर टेबलामागची बाई गोड हसून म्हणाली, "त्या कुटुंबात बसत नाहीत." कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. ज्या बाईने त्याला जन्म दिला, वाढवलं, स्वतः अर्धपोटी राहून शिकवलं, ती कुटुंबात बसत नाही. मग कुठे बसते, जिन्यात? हे त्याच्या ओठांवर आलं होतं, पण नोकरी प्यारी असल्यामुळे त्याने ते गिळलं.

मग सुरू झाली बाहेरची शोधाशोध. एका विम्यात दात होते पण डोळे नव्हते. दुसऱ्यात डोळे होते, पण साठीच्या पुढचं माणूस नव्हतं. तिसऱ्यात सगळं होतं, पण हप्ता ऐकून बायको म्हणाली, "अहो, हा भरला तर आपण सगळे उपासमारीनेच आजारी पडू. तेवढाच विमा वसूल होईल." नाकापेक्षा मोती जड. एजंट लोक फोनवर अशा जिव्हाळ्याने बोलायचे, जणू हप्ता तेच भरणार आहेत. कामावरचा वेल्डर म्हणाला, स्वस्तातला घे. शेजारीण म्हणाली, काही कर पण स्वस्तातला घेऊ नकोस. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे ठीक आहे, पण मनालाच काही कळत नसेल तर माणसाने काय करावं?

तो चिडायला लागला. जेवताना चिडायचा, मुलांवर चिडायचा, पाणी सांडलं तरी विमा कंपनीच्या नावाने बोटं मोडायचा. आई बघत असायची. कधी म्हणायची, "अरे, कशाला एवढा जिवाला घोर लावून घेतोस? मला काय धाड भरलीय?"

शेवटी एक सापडला. हप्ता परवडणारा, आई कुटुंबात बसलेली, कुठे काही खोट दिसेना. अट एकच होती. कंपनीची नर्स फोन करून आईशी बोलणार, प्रकृतीचे प्रश्न विचारणार. आईला भाषा येत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, काळजी नको, फोनवर दुभाषी देऊ.

फोनच्या दिवशी त्याने सुट्टी काढली आणि सकाळपासून आईची शिकवणी घेतली.

"आई, काहीही विचारलं तरी 'बरी आहे' म्हणायचं. गुडघ्याचं काढू नकोस."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं नाही गं. कमी बोलायचं."

"बरं बाबा," आई म्हणाली. "तसंही मला कोण काय विचारतंय."

दुपारी फोन आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने तो स्पीकरवर ठेवला. समोर आई, शेजारी बायको. आधी नर्सचा कोरडा आवाज आला आणि मग, कुठल्या गावात बसून कोण जाणे, एक मुलगी आपल्या भाषेत बोलली, "नमस्कार आजी. जेवलात का?"

हा प्रश्न नर्सने विचारला नव्हता. आईने फोन स्वतःकडे ओढला. घरातल्या चौघांखेरीज आपल्या भाषेत बोलणारं माणूस तिला कित्येक महिन्यांत भेटलं नव्हतं.

सुरुवात झकास झाली. ताप? नाही. साखर? नाही. झोप? लागते की. कानवाल्याने बायकोकडे बघून भुवया उडवल्या. हत्ती गेला होता, आता शेपूट तेवढं राहिलं होतं.

"आजी, घरी जिना आहे ना? चढताना त्रास होतो का?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. आईने ते पाहिलं. मग तिने खुर्ची थोडी वळवली आणि त्याच्याकडे पाठ केली.

"होतो बाळा. पहिल्या वळणावरच थांबावं लागतं. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतं, आणि डाव्या हाताला मुंग्या येतात. तिथे एक कुंडी आहे. मी फुलं बघत उभी राहते. म्हणजे घरच्यांना वाटतं, आईला फुलांची हौस."

त्याने ओठांवरचं बोट खाली घेतलं. दर वेळी तो पिशव्या घेऊन पुढे जायचा आणि वरून ओरडायचा, "आई, झाली का फुलं बघून?"

"घरी सांगितलंत का, आजी?" मुलीने विचारलं.

"कुणाला सांगू? मुलगा दिवसभर राबून येतो. विचारतो रोज, बरी आहेस ना? पण त्याला 'हो' ऐकायचं असतं गं. नाही म्हटलं तर खर्च."

मग ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "आजी, हे सगळं मला त्यांना सांगावं लागेल. मला काही लपवता येणार नाही."

"सांग की. लपवून लपवून मीच दमले."

फोन ठेवल्यावर तो उसळला. "दोन महिने! दोन महिने मी दारोदार फिरतोय, आणि तू पाच मिनिटांत सगळं पाण्यात घातलंस!" बायकोने दंडाला धरलं, तरी तो थांबेना. आई टेबलावरची कपबशी उचलून मोरीकडे गेली आणि विसळत राहिली. कपबशी केव्हाच स्वच्छ झाली होती. ते दिसल्यावर त्याचा आवाज आपोआप बसला. कपबशी तिच्या हातातून घेताना त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की धड सॉरीसुद्धा म्हणता येईना. लिफ्टचा दोर कुठे कुरकुरतो ते याला दोन मजले खालून ऐकू यायचं.

परवडणाऱ्या कंपनीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. दिलगीर आहोत. मग राहिला तो मोती, नाकापेक्षा जड असलेला. त्यांनी आईला घेतलं, पण अट घालून. दात, डोळे, हाडं, पोट, सगळं चालेल, फक्त हृदय सोडून. म्हणजे जिथे दुखतं तेवढं सोडून बाकी सगळ्याचा विमा. परवान्याला तो पुरत होता. शिव्या घालत त्याने सही केली, रविवारची ड्युटी मागून घेतली आणि स्वतःच्या खिशातून पैसे भरून हृदयाच्या डॉक्टरची वेळ घेतली.

तपासणीहून परत येताना दोघं जिना चढत होते. गोळ्या लिहून दिल्या होत्या, आणखी तपासण्या बाकी होत्या. पहिल्या वळणावर आई सवयीने कुंडीकडे वळली. या वेळी तोही थांबला. इतक्या महिन्यांत त्याने पहिल्यांदाच त्या कुंडीकडे नीट बघितलं.

"आई, ही फुलं प्लास्टिकची आहेत."

"मग? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

फुलांवर धूळ साचली होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं आणि लावलं. त्याने औषधांची पिशवी खाली ठेवली.

"कसं वाटतंय?"

"बरी आहे."

"तसं नको. खरं सांग."

आईने त्याच्याकडे पाहिलं, त्याला खरंच ऐकायचंय का याचा अंदाज घेतल्यासारखं. मग कठड्याला धरून ती पायरीवर बसली आणि सांगायला लागली. बरंच होतं. तोही शेजारी बसला.