डब्यातली मळी

दादासो आमच्या माळावरचा धनगर. बापजाद्यांनी मेंढरं राखली, हा फलटणकडच्या एका साखर कारखान्यात लागला. तरी दारातल्या काटेरी कुंपणाच्या वाडग्यात चार मेंढरं राहिलीच. मेंढी व्याली की दादासो जेवणाच्या डब्यातून मळी आणायचा. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, दाट रस. तो कोंड्यात कालवून घातला की थकलेली मेंढी उभी राहते, दुधाला येते. कुणी त्याला चोरी म्हणत नव्हतं. दादासोही म्हणत नव्हता.

निवृत्तीला महिना उरला असताना डब्याचं झाकण सैल निघालं. फाटकावर झडती घेताना उदयसिंहच्या बोटाला काळं लागलं. उदयसिंह फौजेतून आलेला नवा पहारेकरी. त्यानं बोट पाहिलं, दादासोकडं पाहिलं आणि बोट रुमालाला पुसलं. बोलला काहीच नाही. त्या न बोलण्यानं दादासोच्या तोंडची चव गेली.

पुढच्याच आठवड्यात हजेरी-पगार बघणाऱ्या टाइम ऑफिसातून बोलावणं आलं. तो गेला. तिथं राजेश्वरी मॅडम हसतच म्हणाल्या, "बसा तात्या, ग्रॅच्युइटीचा हिशोब सांगते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून शेवटचा पगार सव्वीस हजार. महिन्याचे दिवस सव्वीस धरायचे, म्हणजे दिवसाला हजार. कायम झाल्यापासून दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांच्या वर झालेत, तेही पुरतं वर्ष धरलंय."

"आन् हंगामी हुतो तवाचं?"

"दर हंगामाला सातच दिवस. बाकीचं वर्ष तुम्ही मेंढरांमागं होता की. सगळं मिळून चार लाखांना थोडं कमी. वीस लाखांपर्यंत कर नाही, त्यामुळं काही कापणार नाही."

दादासोनं विचारलं, "कुणाची आडवत्यात का वो?"

"चोरीबिरी केली म्हणून कामावरनं काढलं, तर अडवता येते. तुम्हाला कशाला तो घोर?"

घरी त्याची बायको बनाबाई म्हणाली, "आवं, त्या फाटकावरच्या शिपायाला सांगून मोकळं व्हा की."

"सांगितलं की चोरी झाली. त्यो गप हाय तवर ती मळीच हाय."

त्यानं राखेनं डबा घासला. पुन्हा घासला. मळी बंद झाली, मेंढीचं दूध आटलं. कोकरू रात्रभर ओरडायचं आणि दादासो अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडायचा.

शेवटच्या दिवशी गळ्यात हार, हातात नारळ घेऊन तो फाटकावर आला. निरोपाला आलेली माणसं मागं होती.

"डब्बा खोलो, तात्या," उदयसिंह फौजेतल्या सवयीनं म्हणाला.

दादासोनं उघडला. उदयसिंहनं रिकामा डबा नाकाशी नेला. मागची माणसं पुढं सरकली.

"मळीचा वास येतोय."

दादासोनं गळ्यातला हार काढायला हात घातला.

"अख्खी नोकरी मळीच्या टाकीवर काढलीसा. वास यायचाच." डबा परत देताना उदयसिंह हळूच म्हणाला, "आता इकत घ्या, तात्या."

फाटकाबाहेर दादासोनं उघडा डबा तसाच काखेत मारला.

पैसे महिन्याभरात बँकेत येणार होते. तोवर गल्लीत मोटारसायकल वळली की कारखान्याचा माणूस असेल या धास्तीनं तो वाडग्यामागं जाऊन उभा राहायचा. जमा झाल्याचा निरोप घेऊन बँकेचा माणूस आला, त्या दिवशीही तो तिथंच होता. गाडी लांब गेल्यावर त्यानं मेंढराआडून बनाबाईला विचारलं, "कोन हुतं? डब्याचं काय बोललं न्हाई न्हवं?"